टॅरो रीडिंगआधी पत्ते पिसायचे कसे, किती वेळा, आणि पत्ता उडाला तर काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की रायडर-वेट डेक (टॅरोच्या ७८ पत्त्यांचा नेहमीचा संच) नवीन घेतलाय, आणि रीडिंगआधी कुणी म्हणतं सात वेळा शफल करा, कुणी म्हणतं डाव्या हाताने तीन ढीग करा, कुणी म्हणतं क्लायंटला हातच लावू देऊ नका, शिवाय पिसताना पत्ते उडतात ते धरायचे का, उलटे पत्ते (चित्राचं डोकं खाली असलेले) मध्येच एकदम ढिगाने का येतात, आणि फिरून फिरून तेच पत्ते येतात म्हणजे डेक "अडकलाय" का. एका दमात सगळं विचारलंय, तर मी पण जरा ऐसपैसच लिहिते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते, पत्त्यांना हात लावायच्या आधी तुमचे नियम ठरलेले पाहिजेत. उलटे पत्ते वाचणार की नाही, उडालेला पत्ता धरणार की परत आत टाकणार, कट कोण करणार (म्हणजे गठ्ठा मधून उचलून वरचा भाग खाली घालणं), पत्ते वरून काढणार की पसरून निवडायला लावणार, किती काढणार. हे ठरलं की पुढे कोणत्या पद्धतीने पिसता याने आकाश कोसळत नाही. आणि ठरलेलं नसलं की काय होतं माहितीये, पत्ता बघून नियम बदलला जातो. टॉवर हा धास्तीचा पत्ता उडाला की "अरे चुकून पडला", सन हा आनंदाचा उडाला की "बघा, युनिव्हर्सनेच दिला". समोरचा माणूस काही बोलत नाही पण त्याला कळतं हां.

आता ही जी "प्राचीन पद्धत" वगैरे ऐकायला मिळते त्याबद्दल थोडं, कारण निम्मी भीती त्यातूनच येते. टॅरो मुळात पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा भागातल्या दरबारी मंडळींचा. ज्याला आपण एवढ्या आदराने मेजर अर्काना म्हणतो, म्हणजे डेकमधले बावीस मोठे चित्रपत्ते, त्यातले २१ पत्ते तिथे चक्क हुकूम होते, आणि द फूल हा वेगळाच सुटा भिडू. भविष्य बघायचं प्रकरण जोरात सुरू झालं ते अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये. कूर द जेबलॅं नावाच्या गृहस्थांनी १७८१ मध्ये छापून टाकलं की हे इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा एकही माणूस जगात नव्हता, शांपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ ला, पण गोष्ट एकदा पसरली ती पसरलीच. मग १९०९ मध्ये लंडनला रायडर कंपनीने आपला हा नेहमीचा डेक काढला, आर्थर वेटची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथची चित्रं. त्या वेटने पुढे पुस्तकात केल्टिक क्रॉस या दहा पत्त्यांच्या मांडणीची रीत दिलीय, तिच्यात पिसण्याबद्दल किती आहे म्हणाल तर एक पत्ता सिग्निफिकेटर म्हणून (प्रश्न विचारणाऱ्याच्या किंवा विषयाच्या जागी धरलेला) काढून टेबलावर ठेवा, बाकीचे नीट पिसा, तीन वेळा कट करा, पत्त्यांची तोंडं खाली ठेवा. संपलं. धूप, क्रिस्टल, डेकवर तीन टिचक्या, पौर्णिमेची रात्र, यातलं त्या रीतीत काही नाही. तुम्हाला आवडत असेल तर जरूर करा, मी पण उदबत्ती लावते, मला तो वास आला की बसल्यासारखं वाटतं, पण उदबत्ती लावली नाही म्हणून रीडिंग चुकलं असं काही नसतं.

आता मुख्य मुद्दा, पत्ते खरंच मिसळतात का.

नवीन डेक बॉक्समधून क्रमाने लावलेला येतो, मेजर ओळीने आणि मग एकेक सूट (कप्स, स्वॉर्ड्स वगैरे, आपल्या बदाम-इस्पिकसारखे) क्रमाने. बहुतेक जण त्याला हातात धरून वरचे वर पिसतात, म्हणजे आपण घरी मेंढीकोटला पिसतो तसंच, उजव्या हातातल्या गठ्ठ्यातून थोडे थोडे पत्ते डाव्या हातात सोडायचे. याला ओव्हरहँड म्हणतात. दिसायला छान, हाताला सोपं, पण मिसळायच्या दृष्टीने सगळ्यात कच्चं. हिशोब करून बघा. ७८ पत्त्यांत शेजाऱ्यांच्या ७७ जोड्या असतात. एका फेरीत तुम्ही दहा झुपके सोडलेत तर झुपक्याच्या आतल्या ६८ जोड्या जशाच्या तशा राहतात, फक्त झुपक्यांची जागा बदलते. म्हणून नवीन डेकवर "मला सलग एम्परर, हायरोफंट, लव्हर्स आले, किती डीप मेसेज आहे" असं कुणी म्हणालं की मी विचारते, डेक कधी उघडलास. मेसेज वगैरे काही नाही, ते तिघं बॉक्समधूनच शेजारी शेजारी आलेत, ४, ५, ६.

सात वेळा शफलचं जे सगळीकडे फिरतं ना, ते कुठल्याही गुरूचं नाही. १९९२ मध्ये बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी दाखवलं की ५२ पत्त्यांचा डेक रिफल पद्धतीने साधारण सात वेळा पिसला की बऱ्यापैकी मिसळतो. रिफल म्हणजे दोन अर्धे करून कोपरे फर्रर्र सोडत एकमेकांत घालायचे ते, कॅसिनोत दाखवतात तसं. यातला डायकोनिस तरुणपणी जादूगार होता, पत्त्यांचेच खेळ करायचा, त्यामुळे त्याला यातलं कळत होतं. तर दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे ते सात रिफलचे सात आहेत, ओव्हरहँडचे नाहीत, ओव्हरहँडला तेवढंच मिसळायला हजारो फेऱ्या लागतील. आणि दुसरं, ते ५२ पत्त्यांचं आहे, आपले ७८, त्याच हिशोबाने आठ-नऊ धरा. म्हणजे "सात पवित्र अंक आहे म्हणून सात वेळा" असं म्हणत हातात सात फेऱ्या ओव्हरहँड करणाऱ्यांच्या डेकमध्ये बरेच पत्ते अजून आधीच्याच शेजाऱ्यांजवळ असतात.

पण टॅरोला रिफल करणं सोपं नाही हेही खरं. साधा पोकर साइजचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटर असतो, रायडर-वेटचा नेहमीचा साइज ७० बाय १२०. लहान हात असतील तर तो मावतच नाही. त्यातून वाट अशी की डेक आडवा धरा, लांब बाजू एकमेकींसमोर येऊ द्या, आणि पूर्ण कडा न वाकवता फक्त आतले दोन कोपरे अंगठ्याने सोडा, अर्धा इंच एकमेकांत गेले तरी पुरे, मग हलक्या हाताने आत सरकवा. शेवटी तो जो पूल करून पत्ते खाली पाडतात, ते स्टाइल म्हणून ठीक आहे, डेकची कंबर मोडते त्याने. सोनेरी कडा असलेले डेक तर रिफल करूच नका, सोनं उडतं आणि बोटांना लागतं. त्यांच्या कडा नवीन असताना एकमेकींना चिकटलेल्या पण असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी एकेक पत्ता हाताने सुटा करून घ्यावा लागतो, नाहीतर दोन पत्ते मिळून एकच निघतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

मला विचाराल तर टॅरोला सगळ्यात चांगली पद्धत सगळ्यात गबाळी दिसणारी आहे. टेबलावर किंवा सतरंजीवर कापड टाका, सगळे पत्ते पालथे पसरा, आणि दोन्ही तळव्यांनी ताटात तांदूळ निवडताना हात फिरवतो तसे गोल गोल फिरवत राहा, मधले बाहेर, बाहेरचे मध्ये. याला स्मूशिंग म्हणतात, वॉश पण म्हणतात. ५२ पत्त्यांना साधारण एक मिनिट पुरतं असं त्याच डायकोनिसचं काम सांगतं, आपण दीड मिनिट करू. दीड मिनिट ऐकायला कमी वाटतं पण घड्याळ लावून करून बघा, हात दुखायला लागतात, बहुतेक जण वीस सेकंदात थांबतात. आणि कोपऱ्यात जे चार-पाच पत्ते सरकून शांत बसलेले असतात ना त्यांना मुद्दाम आत ओढा. कार्डं खराब होत नाहीत, हाताची सवय लागत नाही, लहान-मोठे हात सारखेच.

ढीग करणारेही पुष्कळ आहेत, सात ढीग, एकेक पत्ता वाटत जायचं आणि मग ढीग एकावर एक ठेवायचे. ही मिसळायची पद्धत नाहीच, कुठला पत्ता कुठे जाणार ते ठरलेलंच असतं. पण शेजारी शेजारी चिकटलेले पत्ते लांब करायला चांगली, आणि पत्ते पूर्ण आहेत का ते मोजलं जातं. सहा ढीग केले तर प्रत्येकात बरोबर तेरा यायला हवेत, शेवटच्या ढिगात बारा आले की समजा एखादा पत्ता सोफ्याखाली आहे. मी नवीन डेकवर आणि मोठ्या प्रवासानंतर हे एकदा करते, रोज नाही.

आता एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच सांगत नाही. आधीच्या रीडिंगचे पत्ते परत ठेवताना ते गठ्ठ्याने वर ठेवून देऊ नका. केल्टिक क्रॉस झाला, दहा पत्ते गोळा केले, डेकवर ठेवले आणि तीन-चार वेळा ओव्हरहँड केलं, तर ते दहा जण झुपक्याने एकत्रच फिरत असतात. पुढच्या क्लायंटला त्यातले तीन-चार येणार आणि तुम्हाला वाटणार की दोघांची काहीतरी कार्मिक लिंक आहे. काढलेले पत्ते आधी डेकमध्ये आठ-दहा ठिकाणी वेगवेगळे खुपसा, मग पिसा. तुमच्या "डेक अडकलाय"चं निम्मं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

आणि उरलेलं निम्मं साध्या गणितात आहे. डेक अगदी नीट मिसळलेला असला तरी आज तीन पत्ते काढले आणि उद्या तीन काढले तर कालच्यातला निदान एक परत यायची शक्यता ११ टक्के आहे, म्हणजे साधारण नऊ वेळातून एकदा. रोज एकच पत्ता काढत असाल तर अकराव्या दिवसापर्यंत एखादा तरी रिपीट झालेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, आणि महिनाभर काढलात तर रिपीट झाला नाही तरच आश्चर्य. यात मला असं म्हणायचं नाहीये की परत आलेल्या पत्त्याकडे दुर्लक्ष करा. एट ऑफ कप्स एका आठवड्यात तीनदा आला तर मी पण थांबून बघते, त्याच्यावर दोन ओळी वहीत लिहिते. पण तो डेकचा दोष म्हणून कुणी शुद्धीकरणाचे पैसे मागत असेल तर सरळ उठून या. मिठात पत्ते ठेवायचा जो सल्ला मिळतो तो तर अजिबात ऐकू नका, मीठ ओलावा धरतं आणि खड्याने लॅमिनेशनवर ओरखडे पडतात. चांदण्यात ठेवायचे असतील तर खिडकीच्या आत ठेवा, गच्चीवर दव पडतं.

याच हिशोबातला अजून एक आकडा सांगते कारण तो समोरच्याला धीर द्यायला उपयोगी पडतो. डेथ, डेव्हिल, टॉवर या तिघांची लोकांना धास्ती. दहा पत्त्यांच्या स्प्रेडमध्ये, म्हणजे मांडणीत, या तिघांपैकी निदान एक यायची शक्यता ३४ टक्के आहे. म्हणजे सरासरी दर तीन क्लायंटमागे एकाला यातलं कुणीतरी दिसतं. ज्याला आला त्याचा चेहरा उतरतो, त्याला हे सांगा, की बाबा माझ्यासमोर बसणाऱ्या साधारण दर तिसऱ्या माणसाला या तिघांपैकी कुणीतरी येतोच. मग अर्थ बोला.

उलट्या पत्त्यांचं मात्र नीट वाचा, इथे खूप गोंधळ असतो. पत्ता आपोआप उलटा होत नाही, तो फिरवला तरच होतो. ओव्हरहँडमध्ये कुठलाही पत्ता फिरत नाही. सगळे सरळ लावून ओव्हरहँडने वर्षभर पिसलात तरी एक उलटा येणार नाही. मग तुम्हाला मध्येच ढिगाने उलटे येतात ते कुठून? माझा अंदाज, तुम्ही मध्ये मध्ये रिफल करायचा प्रयत्न करताय. डेक उभा धरून दोन भाग करता, आणि मग दोन्ही भागांची टोकं समोरासमोर आणायला डावा भाग उजवीकडे वळवता आणि उजवा डावीकडे. दोन्ही पाव वळणं, पण उलट दिशांनी, म्हणजे एक भाग दुसऱ्याच्या मानाने पूर्ण उलटा झाला. एका झटक्यात ३९ पत्ते रिव्हर्स्ड. हळू करून बघा, लगेच दिसेल. हे नको असेल तर डेक आधीच आडवा धरायचा आणि वरचा अर्धा भाग न फिरवता नुसता शेजारी सरकवायचा.

दुसरी जागा म्हणजे पत्ता उघडताना. पुस्तकाचं पान उलटतो तसा कडेने उलटलात तर सरळचा सरळ राहतो. पण बरेच जण खालची कड धरून पत्ता वरच्या बाजूला पलटी मारतात, डोक्यावरून, त्याने सरळ पत्ता उलटा होतो आणि उलट्याचा सरळ. एकाच रीडिंगमध्ये अर्धे पत्ते असे आणि अर्धे तसे उघडणारे मी बघितलेत, आणि मग त्यावर "ब्लॉक्ड एनर्जी"ची चर्चा वीस मिनिटं. एकच पद्धत ठेवा, कडेने.

उलटे वाचायचे असतील तर निम्मे निम्मे झाले पाहिजेत, आणि ते स्मूशिंगमध्ये आपसूक होतं, तो त्या पद्धतीचा दुसरा फायदा. वाचायचे नसतील तर ओव्हरहँड आणि आडवं रिफल वापरा आणि महिन्यातून एकदा डेक तोंडाकडून बघून सगळे सरळ लावून घ्या. उलट्याचे वेगळे अर्थ ही काही अलीकडची टूम नाही, १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये एतेया नावाचा माणूस ते शिकवत होता. पण नवीन असताना मी म्हणेन नका वाचू. ७८ अर्थ आधी पचू देत, १५६ नंतर. आणि एक, डेकची पाठ बघा. काही डेकच्या पाठीवरचं डिझाइन एकाच बाजूने सरळ दिसतं, त्यात उलटा पत्ता पाठीवरूनच ओळखू येतो. अशा डेकमधून क्लायंटला पसरून निवडायला लावलंत तर तो नकळत सरळ दिसणारेच उचलतो. तिथे वरूनच काढा.

उडालेल्या पत्त्याला सगळे जम्पर म्हणतात. त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं, नवीन लॅमिनेशन गुळगुळीत, हात एसीने कोरडे पडलेले, डेक मोठा, आणि तुम्ही घाईत. नियम तुमचा तुम्ही ठरवा, माझा सांगते. एकटा पत्ता उडून उताणा पडला तर तो बाजूला ठेवते, स्प्रेडमध्ये मोजत नाही, शेवटी वेळ उरला तर त्यावर एखादं वाक्य. पालथा पडला तर न बघता आत. दोन किंवा जास्त पडले तर तो नुसता माझा वेंधळेपणा, सगळे आत. हे मी क्लायंटला आधी सांगून ठेवते, त्यामुळे पडल्यावर कुणी माझ्या तोंडाकडे बघत नाही. काही जण फक्त जम्परवरच रीडिंग करतात, पत्ते उडेपर्यंत पिसत राहायचं. चालतं की, त्यांचा तो नियम आहे. पण त्यात एक गोम अशी की हाताला कळत जातं किती सैल धरलं की उडतो, आणि मग उडवला जातो.

पिसताना डेकच्या तळाचा पत्ता दिसतो तुम्हाला? ओव्हरहँडमध्ये हात थोडा तिरका झाला की दिसतोच, आणि एकदा थ्री ऑफ स्वॉर्ड्स (दुःखाचा पत्ता) दिसला की पुढच्या चार फेऱ्या तो वर येऊ नये म्हणून होतात, हे स्वतःशी कबूल करायला कुणी तयार नसतं. डेक थोडा खाली, मांडीच्या जवळ धरा, पत्त्यांची तोंडं तळहाताकडे, नजर समोरच्या माणसाकडे.

नजर समोरच्याकडे ठेवायचं कारण हेही की पिसण्याचं दुसरं काम तेव्हाच होतं. पत्ते मिसळणं हे एक काम झालं, आणि तेवढ्या वेळात प्रश्न घट्ट होणं हे दुसरं. लोक येतात तेव्हा प्रश्न घेऊन येत नाहीत, गुंता घेऊन येतात. नोकरी, सासू, फ्लॅटचं पझेशन आणि मुलीचं स्थळ असं सगळं एका वाक्यात. मी स्मूशिंग आधी करून ठेवते, मग डेक हातात घेऊन सावकाश ओव्हरहँड करत बसते, मिसळण्यासाठी नाही, मिसळून झालेलं असतं, बोलतं ठेवण्यासाठी. हाताला चाळा असला की समोरचा माणूस पण मोकळा होतो. "लग्न ठरेल का" वरून आपण "हे स्थळ मला नको का वाटतंय" इथपर्यंत आलो, आणि ते त्याच्याच तोंडून एका वाक्यात निघालं, की मी थांबते. कधी दोन मिनिटं, कधी दहा. आजाराचा प्रश्न असेल तर डेक खाली ठेवते, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा म्हणते, त्यात मला वाद नको.

थांबायचं कधी याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी "जेव्हा आतून वाटेल तेव्हा" असं मिळतं. दुसऱ्यासाठी करताना ठीक आहे. स्वतःसाठी काढताना मी ते मानत नाही, आकडा ठरवा, दीड मिनिट पसरून, आठ रिफल, एक कट, आणि हात बाजूला. स्वतःच्या बाबतीत "आतून वाटणं" फार सोयीचं असतं. आणि उत्तर आवडलं नाही म्हणून त्याच प्रश्नावर परत पिसायचं नाही. समजलं नाही म्हणून एक क्लॅरिफायर, म्हणजे उलगडा करायला जादा पत्ता, काढायचा असेल तर त्याच डेकवरून पुढचा पत्ता घ्या, मध्ये पिसू नका. विषयच बदलला, नोकरीवरून समजा एकदम घर विकण्यावर आला, तर मग सगळे पत्ते गोळा करून पहिल्यापासून.

पावसाळ्याचं एक सांगून टाकते कारण मुंबई-कोकणात हे दरवर्षी होतं. जून लागला की पत्ते फुगतात, कमान होते, एकमेकांना चिकटतात आणि पिसताना गठ्ठ्याने पडतात. पिसणं बिघडलं असं वाटतं पण ती हवा असते. डेक बॉक्समध्ये, बॉक्स डब्यात, डब्यात त्या सिलिका जेलच्या पुड्या ज्या बुटांच्या खोक्यात येतात त्या. कमान आली असेल तर दोन जाड पुस्तकांखाली रात्रभर. टाल्कम पावडर लावतात काही जण, दोन दिवस छान चालतं आणि मग घामाबरोबर तिचा काळपट थर बसतो, त्यापेक्षा कोरड्या मऊ कापडाने एकेक पत्ता पुसा. रबरबँड लावू नका, कडांना खाचा पडतात आणि मग कट दर वेळी त्याच खाचेवर होतो, ही फसवणूक नकळत होते पण होते.

आता कट आणि क्लायंटचा हात. एकदा कट केल्याने डेक मिसळत नाही, वरचा भाग खाली जातो एवढंच, क्रम तोच राहतो. तरी मी तो कधीच गाळत नाही. पत्त्यांच्या खेळात पिसणाऱ्याने पिसल्यावर शेजारच्याने कापायचं असतं ते कशासाठी, तर पिसणाऱ्याने पत्ते लावलेले नाहीत याची खात्री म्हणून. इथेही तेच. समोरच्याने शेवटचा हात लावला की ते पत्ते त्याचे झाले, नंतर "तुम्ही मला वाईट पत्ते काढले" असं म्हणायची सोय राहत नाही. तीन ढीग हवे असतील तर तीन करा, त्याने वेगळ्या क्रमाने परत एकत्र करायचे. डाव्या हाताने करायला सांगायची जी रीत आहे ती आपल्याकडे अडचणीची, बऱ्याच बायका डावा हात पुढे करायला कचरतात, शुभकार्याचं विचारायला आलेली असेल तर जास्तच. मी कुठलाही हात चालेल म्हणते. कचरत केलेल्या कटपेक्षा उजव्या हाताचा बरा.

झूम किंवा व्हॉट्सअॅप व्हिडिओवर असेल तर डेक आणि माझे दोन्ही हात कॅमेऱ्यात राहतील असा फोन वरून लावते, त्यांच्यासमोरच पसरून मिसळते, आणि कटऐवजी त्यांना १ ते ७८ मधला एक आकडा सांगायला लावते, तेवढे पत्ते मोजून खाली घालते आणि तिथून पुढे वाचते. मोजायला वेळ जातो पण लोकांना आवडतं, दुबईत बसलेल्या माणसाला पण आपण काहीतरी केलं असं वाटतं. नेट अडकलं आणि मध्ये चित्र थिजलं तर मी पुन्हा पहिल्यापासून पिसते, त्यांनी पाहिलेलं नाही तेवढं मोजत नाही.

क्लायंटने पूर्ण डेक हाताळला तर एनर्जी बिघडते का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. माझा डेक आतापर्यंत इतक्या लोकांनी हाताळलाय की बिघडायची असती तर केव्हाच बिघडली असती. खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. टॅरोची सवय नसलेला माणूस एवढा मोठा गठ्ठा हातात आला की बावचळतो, प्रश्न विसरतो आणि पत्ते सांभाळत बसतो, काहींना तर ते खाली पडले तर अपशकुन होईल याचीच भीती. म्हणून पिसायचं मी, कट त्यांचा. ज्याला खूप इच्छा आहे त्याला मी हातात न देता कापडावर पसरून देते, गोल गोल फिरव म्हणते, त्यात पडायची भानगड नाही. फक्त त्याआधी हात धुऊन पुसून घ्यायला लावा, विशेषतः खालच्या गाडीवर वडापाव खाऊन वर आला असेल तर, तेलाचा डाग पडलेला पत्ता पाठीवरून कायमचा ओळखू येतो.